१९ मे १५२० : रायचूरची लढाई

कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधल्या सुपीक दुआबासाठी विजयनगर आणि बहमनी सुलतान यांच्यात पिढ्यानपिढ्या रक्त सांडले. बहमनी राज्य फुटले, तरी भांडण मिटले नाही. ते वारसाहक्काने विजापूरच्या आदिलशाहीकडे आले. १५२० मध्ये कृष्णदेवरायाने रायचूरच्या किल्ल्याला वेढा घातला. तो उठवण्यासाठी इस्माईल आदिलशाह कृष्णा ओलांडून दक्षिणेकडे आला आणि १९ मे रोजी दोन्ही सैन्ये भिडली.

विजापूरची भिस्त तोफखान्यावर होती. पहिल्या माऱ्यात विजयनगरची आघाडी मोडली, सैन्य मागे हटू लागले. त्या क्षणी स्वतः राजा घोड्यावर पुढे झाला, आणि या लढाईचे सारे मोल त्या निर्णयात आहे. हल्ला इतका जोरकस होता की विजापूरचे सैन्य नदीकडे पळत सुटले. असंख्य सैनिक कृष्णेत बुडाले, विजापूरचा सेनापती सलाबतखान कैद झाला, तोफा विजयनगरच्या हाती लागल्या. शाह कसाबसा निसटला.

पोर्तुगीज प्रवासी नुनिझ याने या युद्धाचे सविस्तर वर्णन केले आहे. त्याचे सैन्यसंख्येचे आकडे अतिशयोक्त वाटतात, पण तपशील जिवंत आहेत. पुढे किल्ला घेताना क्रिस्तोव्हांव द फिगेरेदो या पोर्तुगिजाच्या बंदुकधाऱ्यांनी तटावरचे रक्षक टिपले आणि रायचूर पडले. आदिलशाह इकडे गुंतला असताना गोव्याच्या पोर्तुगिजांनी त्याच्या ताब्यातील साष्टी, बार्देशचा मुलूख बळकावला.