मुंगीची अकीकाची कपची आणि गोदाकांठच्या दरडी

ऐतिहासिक कागद हातीं येतांच संशोधक प्रथम तीन प्रश्न विचारतो. हा कोणत्या दप्तरांतला, ह्याच्या वर-खालीं कोणते कागद होते, आणि तो तेथून कोणीं व केव्हां काढिला? ह्यांचीं उत्तरें मिळालीं नाहींत, तर मोडी कितीही वळणदार असो, पुरावा म्हणून कागदाचा दर्जा उतरतो. हाच न्याय नदीच्या दरडीसही लागू पडतो, व तो न पाळल्यास काय हानि होते, हें गोदाकांठच्या एका लहानशा वस्तूच्या आधारें दाखविण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

प्रथम भूमीचा विचार करूं. पाचोड हें गांव छत्रपति संभाजीनगराहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, पैठण तालुक्यांत आहे. मुलूख मोसंबीचा; त्यामुळें विहिरी पुष्कळ. खणणाऱ्यास प्रथम काळी लागते, तिच्याखालीं मुरूम, नंतर सच्छिद्र, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, आणि मग पहारेस दाद न देणारा काळा पाषाण. पाषाणाखालीं पुन्हा मांजऱ्या लागला, तर पाण्याची आशा वाढते. थरांच्या ह्या आलटापालटीचें कारण असें : सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून तप्त लाव्हारस वारंवार बाहेर पडून दक्षिणेवर पसरला. प्रत्येक ओघाचा मधला भाग सावकाश निवून घट्ट झाला. वरच्या भागांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढें खडकांत झिरपणाऱ्या पाण्यानें त्या पोकळ्यांत गारेचें द्रव्य पुटावर पूट सांठविलें, आणि त्यापासून अकीक व गारगोट्या बनल्या. खडक ऊनपावसानें कुजून त्याची काळी माती होते. अकीक मात्र सहजासहजीं झिजत नाहीं. तो सुटून ओढ्यांत येतो, ओढ्यांतून गोदावरींत जातो, आणि नदीच्या गोट्यांत व वाळूंत पडून राहतो.

ह्याच गोट्यांच्या थरांत एक वस्तु मिळाली. पैठणचें नांव ज्याशीं जोडून आपण ‘मुंगी-पैठण’ म्हणतों, त्या मुंगी गांवाजवळ भारतीय भूगर्भ-पाहणी खात्याचे वाइन ह्यांस इ. स. १८६५ मध्यें अकीकाची एक कपची सांपडली. ज्या थरांत ती होती, त्यांत नामशेष झालेल्या प्राण्यांचीं हाडें होतीं. कपची मनुष्यानें घडविलेली होती, हें त्यांनीं ओळखिलें. खात्याचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम ह्यांनीं इ. स. १८६८ मध्यें तिजवर टिपण प्रसिद्ध केलें. परंतु थराचें वय सांगतांना त्यांनीं शंकाचिन्ह घातलें. मद्रासजवळ पल्लावरम् येथें ब्रूस फूट ह्यांस जुन्या अश्मयुगाचें हत्यार इ. स. १८६३ मध्यें मिळालें होतें. म्हणजे ह्या विद्येच्या अगदीं आरंभीं गोदाकांठानें आपली साक्ष नोंदविली होती.

एकटा साक्षीदार दुबळा ठरतो. मुंगीच्या कपचीस भक्कम सोबत मिळण्यास सुमारें नव्वद वर्षें लागलीं. गोदावरीस मिळणाऱ्या प्रवरेच्या कांठीं, नेवासें येथें, डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. हसमुख सांकळिया ह्यांनीं इ. स. १९५४ पासून शोध केला. तेथील दरडींत गोट्यांचे निरनिराळे थर स्पष्ट दिसले. जुन्या थरांत मोठीं, जड हत्यारें. नंतरच्यांत अकीक व तत्सम गुळगुळीत दगडांच्या लहान कपच्या, आणि त्यांच्याबरोबर नामशेष झालेल्या रानबैलाचे अवशेष. पुढें इ. स. १९६६ ते १९६९ ह्या काळांत गुद्रुन कोर्विनस ह्या विदुषीनें नेवाशाजवळील चिरकी येथें उत्खनन करून तेथील आद्य हत्यारांचा पट उलगडिला. नेवाशाच्या प्रकाशांत पाहतां वाइनसाहेबांची कपची एकाकी राहिली नाहीं. तिचा थर त्यांनीं नोंदविला होता, म्हणूनच हा मेळ घालतां आला.

दगडाची कथा येथेंच संपत नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथाचा कर्ता सांगतो कीं, बॅरिगाझा म्हणजे भडोच, तेथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असून, तेथून अकीकाच्या जातीचा दगड विपुल प्रमाणांत, अवघड वाटांनीं, गाड्यांवर घालून बंदरास येतो. आदिमानवानें ज्यापासून धारदार कपची काढिली, त्याच जातीचा दगड सातवाहनकाळीं समुद्रपार गेला. प्रतिष्ठानच्या वैभवाची चर्चा करणाऱ्यानें मांजऱ्या खडकाचें हें ऋण विसरूं नये.

येथें संस्कृतज्ञांस एक मोह होतो. गोदाकांठच्या देशास ‘अश्मक’ म्हणत, व हें नांव पाणिनीसही ठाऊक होतें. ‘अश्मन्’ म्हणजे पाषाण. तेव्हां हा पाषाणदेश, असें म्हणावेंसें वाटतें. गौतमीमाहात्म्यांत गोदेस भागीरथीहून वडील मानिलें आहे, आणि दक्षिणेच्या नद्या हिमालयांतल्या नद्यांहून जुन्या, असें भूशास्त्रही सांगतें. मेळ रमणीय आहे. परंतु व्युत्पत्ति व माहात्म्य ह्यांस थराचा पुरावा मानूं नये. तसें केल्यास दोन्ही शास्त्रांचा अपमान होतो.

आतां माझा स्वतःचा अपराध सांगतों. पाचोडास शिक्षक असतां, नदीकांठच्या गांवाहून येणाऱ्या एका विद्यार्थ्यानें चुनखडीनें चिकटलेल्या गोट्यांचा एक ढेकूळ मजपुढें ठेविला. त्यांत मधाच्या रंगाची एक कपची व दगड झालेला हाडाचा तुकडा होता. त्यावर अक्षर नाहीं, एवढें पाहून माझें कुतूहल संपलें. पुढें कित्येक वर्षें त्या ढेकळाचा उपयोग मीं पोथीचीं पानें उडूं नयेत म्हणून केला. कोणती दरड, किती हात खोल, वर काळी होती कीं पिवळी, हें मीं त्यास विचारिलें नाहीं. आज तो ढेकूळ माझ्या मेजावर आहे; परंतु पुष्पिका नसलेल्या पोथीच्या सुट्या पानासारखा तो मुका आहे. पोथीचें दुसरें हस्तलिखित कदाचित् मिळेल. खचलेली दरड पुन्हा उभी राहत नाहीं.

ही चूक अज्ञानाची म्हणावी, तर तसेंही नाहीं. वतनी कागदांतील ‘काळी-पांढरी’ हा जोडशब्द मीं शेंकडों वेळां वाचिला होता. काळी ही शेताची, पांढरी ही वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंती व सांठलेली राख ह्यांनीं पांढरीचें टेकाड वाढतें. मातीचा रंग पाहून मनुष्याची वस्ती ओळखणें आपल्या पाटील-कुळकर्ण्यांस ठाऊक होतें; आम्ही तो शब्द वाचला, माती वाचली नाहीं.

पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला इ. स. १९६५ मध्यें बसली व इ. स. १९७६ मध्यें त्याचें उद्घाटन झालें. नाथसागराखालीं वरच्या अंगाचे कित्येक जुने कांठ बुडाले. धरणानें पाणी दिलें. त्याविषयीं तक्रार नाहीं. परंतु जे कांठ उघडे आहेत, तेही वाळूच्या उपशानें व मातीच्या खणतीनें सरत आहेत. म्हणून पोथ्यांसाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या मित्रांस एवढीच विनंति कीं, नदीकांठीं गेल्यावर दरडीसमोर घटकाभर उभें राहावें. थर वरून खालीं मोजावे, रंग व जाडी लिहावी, चित्र काढावें, गांवाचें व शेताचें नांव टिपावें. हाड वा कपची दिसल्यास उपटूं नये. जागेवरच ठेवून जाणत्या मंडळींस कळवावें. वस्तु घरीं आणिल्यानें संग्रह वाढतो. जागा नोंदविल्यानें इतिहास वाढतो. माझ्या मेजावरचा ढेकूळ ह्याची रोज आठवण देतो.