सोमवारची छाती

पांढरकवड्यात कापसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. कापसाच्या गाड्यांची रांग लागते, जिनिंगचे रेचे फिरायला लागतात, सरकी एकीकडे आणि रुई दुसरीकडे पडते. पहिल्याच आठवड्यात काही मजुरांची छाती आवळून येते, दम लागतो. कुणी थंडीला दोष देतं, कुणी विडीला. गूळ खा, धूळ खाली उतरते, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय.

या आवळलेल्या छातीचा शोध खूप जुना आहे, आणि त्यात डॉक्टरांइतकंच डोकं मजुरांनी चालवलंय.

इटलीतले डॉक्टर बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांचं कामगारांच्या आजारांवरचं पुस्तक 1700 साली आलं. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत त्यांनी एकाची भर घातली: तुम्ही काम काय करता? पुढे 1831 मध्ये जेम्स के या डॉक्टरने मँचेस्टरच्या सूतगिरणी कामगारांच्या खोकल्याबद्दल आणि दम लागण्याबद्दल लिहिलं. (1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि आपला कापूसही त्या गिरण्यांच्या वाटेला लागला.)

पण मला सगळ्यात आवडते ती 1845 मधली बेल्जियमच्या गेंट शहरातली नोंद. मारेस्का आणि हेमान या दोन डॉक्टरांनी तिथल्या कापूस कामगारांना प्रश्न विचारले. कामगारांचं म्हणणं एकच: धुळीचा त्रास सोमवारी-मंगळवारी जास्त, आठवडा संपता संपता कमी. मालक म्हणाले, रविवारी चैन करतात, त्याची फळं. कामगार म्हणाले, नाही, एक दिवस सुटी झाली की धुळीची सवय मोडते. यातलं कोण बरोबर होतं? कामगार. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळणं, हीच या आजाराची ओळख ठरली.

1877 मध्ये फ्रान्सच्या आद्रियां प्रूस्त यांनी त्याला बिसिनोसिस हे नाव दिलं. कादंबरीकार मार्सेल प्रूस्तचे हे वडील. मुलाला आयुष्यभर दम्याने छळलं, हा योगायोगच. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये रिचर्ड शिलिंग यांनी तोच सोमवारचा प्रश्न नीट रचून विचारला आणि आजाराच्या पायऱ्या ठरवल्या: आधी सोमवारी कधीतरी, मग दर सोमवारी, मग बाकीच्या दिवशीही, आणि शेवटी श्वास कायमचा कमी.

मुंबईत केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणी कामगारांमध्ये हा आजार शोधून दाखवला. नव्वदच्या दशकात डॉ. व्ही. मुरलीधर, विजय कान्हेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा गिरणी कामगारांची तपासणी केली आणि राज्य कामगार विमा योजनेतून भरपाई मिळवायला कामगारांना मदत केली.

आता आमच्या घरातलं. मोठे बाबा वीसेक हंगाम जिनिंगमध्ये होते. छातीवर वरवंटा ठेवल्यासारखं वाटतं, म्हणायचे. ईसीजी नॉर्मल, थुंकीत टीबी नाही, एक्स-रे स्वच्छ. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका,’ असं सांगून त्यांना घरी पाठवलं. एक्स-रे स्वच्छच येणार होता, कारण बिसिनोसिसची अशी खास खूण एक्स-रेत दिसत नाही. कामावर जाण्याआधी आणि पाळी संपल्यावर, दोन्ही वेळा यंत्रात फुंकून श्वास मोजला तर फरक कळतो. दोष नुसत्या रुईचाही नाही. बोंडाभोवतालच्या पानांचा, कवडीचा चुरा आणि त्यावरच्या जिवाणूंचं विष धुळीतून आत जातं. जिनिंगमध्ये तर कापूस शेतातून जसा आला तसाच येतो, कचऱ्यासकट.

मग मुंबईच्या कामगाराला मिळालं ते पांढरकवड्याच्या मजुराला का मिळू नये? उत्तर कायद्याच्या व्याख्येत आहे. 1948 चा राज्य कामगार विमा कायदा हंगामी कारखान्यांना लागू नव्हता, आणि हंगामी कारखाना म्हणजे काय हे सांगताना तो कायदा सुरुवातीलाच कापसाच्या जिनिंगचं नाव घ्यायचा. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा अपवाद राहिला. म्हणजे ज्या कामात धूळ सगळ्यात कच्ची, तेच काम नाव घेऊन बाहेर ठेवलंय. याला मी विसरभोळेपणा म्हणणार नाही.

दुसरा रस्ता 1923 च्या भरपाई कायद्याचा होता. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत बिसिनोसिस होता. पण तिथे ठरावीक काळ सलग नोकरी दाखवावी लागायची. मोठ्या बाबांची नोकरी दर उन्हाळ्यात सुटायची आणि दिवाळीला नव्याने लागायची. कागद म्हणाल तर ठेकेदाराची हजेरीची वही, आणि ती हंगाम संपला की रद्दीत.