पाण्याचे स्टेकहोल्डर कोण?

मंडळी, नव्या प्रोजेक्टचा क्वालिटी प्लॅन लिहायला बसलं की पहिला रकाना स्टेकहोल्डरचा. आपण काय करतो? क्लायंट, मॅनेजर, टेस्टर... झाली यादी! बिचारा वापरणारा आठवतो रिलीजनंतर.

साताऱ्यात कोयना धरण झालं ते मुख्यतः विजेसाठी. यादीत वीज वापरणारे आधी आले. ज्यांची गावं बुडाली त्यांच्या पुढच्या पिढ्या पुनर्वसनासाठी भांडत राहिल्या.

आता येरळा बघा. खटाव तालुक्यात उगम पावते, सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. १९८०च्या दशकात खानापूर भागातल्या बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी तिच्यावर बळीराजा स्मृती धरण बांधलं. दुष्काळ होताच, त्यात १९८२च्या संपानंतर मुंबईचे गिरणी कामगार गावी परतलेले. ठेकेदारांचा वाळूउपसा लोकांनी अडवला आणि मोजकी वाळू स्वतः विकून पैसा उभा केला.

पण मला भावतं ते पाणीवाटप. एरवी सिंचनाचा कागद सातबाऱ्यापासून सुरू होतो. ज्याच्याकडे सातबाराच नाही, तो त्यावर बसणार कुठं? इथं तत्त्व ठरलं समान हिश्श्याचं, भूमिहीनांसकट. म्हणजे ‘एकरी किती’ऐवजी ‘घरटी किती’! यादीत एक नाव वाढलं की ‘पुरेसं पाणी’ याची व्याख्याच बदलते.

आणि भूमिहीन पाण्याचं करणार काय? दुसऱ्याचं रान वाट्यानं कसायला घेतो. बोलणी करताना त्याच्या हातात पाणी असतं.