तंबाखूच्या रानातली द्राक्षं



मॉरिसव्हिलकरांचे विकांत साधारण ठरलेले असतात. देऊळ, देशी दुकान, मुलांचे क्लासेस आणि चर्च स्ट्रीट पार्कवरचं क्रिकेट. २०२० च्या जनगणनेत गावातले जवळजवळ निम्मे लोक आशियाई निघाले, त्यामुळे आपण अमेरिकेत राहतो हे कधीकधी मुद्दाम आठवावं लागतं (ह. घ्या.). सप्टेंबरात मी आणि सौ. हे सगळं सोडून दोन दिवस यॅडकिन व्हॅलीत वायनऱ्या बघत हिंडलो. आय-४० ने पश्चिमेला विन्स्टन-सेलम, तिथून उत्तरेला डॉबसन आणि एल्किन. घरापासून दोनेक तास. कुठली वाईन चांगली हे सांगायचा माझा वकूब नाही, पण त्या भागाचा इतिहास खोदत गेलो तसा तो आमच्या नाशिक जिल्ह्यापर्यंत येऊन पोचला, म्हणून हे लिहायला बसलो.

अमेरिकन वाईन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॅलिफोर्निया येतं. १८४० च्या जनगणनेत मात्र वाईन बनवण्यात आघाडीवर होतं ते आपलं नॉर्थ कॅरोलिना. हॅलिफॅक्स काउंटीत सिडनी वेलर नावाच्या गृहस्थाने १८३५ च्या सुमारास मेडॉक नावाची वायनरी काढली होती, ती या राज्यातली पहिली व्यापारी वायनरी. त्याच्याही तीनशे वर्षं आधी, १५२४ मध्ये, वेराझानो या किनाऱ्यावर आला तेव्हा त्याने जंगली द्राक्षवेलींबद्दल लिहून ठेवलंय. ही द्राक्षं म्हणजे मस्कडाइन, आणि त्यातला सोनेरी-हिरवट प्रकार म्हणजे स्कपरनाँग. आपल्या थॉम्पसनचा आणि याचा संबंध फक्त नावापुरता. घड नाहीच म्हणा ना, पाच-सात मोठे गोल मणी एका ठिकाणी लटकलेले. साल इतकी जाड की मणी दाताखाली फोडून गर चोखायचा आणि साल टाकून द्यायची. वास उग्र, चव गोड. रोनोक बेटावर मँटिओ गावात 'मदर व्हाइन' नावाची एक म्हातारी वेल आहे, तिचं वय चारशे वर्षं सांगतात. २००१ मध्ये राज्याने स्कपरनाँगला अधिकृत राज्यफळाचा मान दिला.

या द्राक्षावर पॉल गॅरेट नावाच्या माणसाने मोठा धंदा उभा केला. त्याची 'व्हर्जिनिया डेअर' ही वाईन दारूबंदीच्या आधी देशात सगळ्यात जास्त खपणाऱ्या वाईन्सपैकी होती. नाव ठेवलं होतं रोनोकवर १५८७ मध्ये जन्मलेल्या, अमेरिकेतल्या पहिल्या इंग्रज मुलीचं. मार्केटिंग त्या काळातही कमी नव्हतं!

मग मे १९०८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने मतदान घेतलं. दारूबंदी हवी म्हणणारे ६२ टक्के निघाले, आणि १ जानेवारी १९०९ पासून अख्खं राज्य कोरडं झालं. देशाची दारूबंदी यायला अजून अकरा वर्षं होती. लोकांच्या थेट मताने दारूबंदी आणणारं हे दक्षिणेतलं पहिलं राज्य. (त्या मतदानात बायका नव्हत्या आणि १९०० च्या घटनादुरुस्तीनंतर काळी माणसंही जवळपास नव्हती, हे 'लोकांच्या' या शब्दाजवळ लक्षात ठेवायला हवं.) गॅरेटने बाडबिस्तरा उचलून धंदा आधी व्हर्जिनियात आणि मग न्यूयॉर्कला नेला. शेतकऱ्याला मळा उचलून नेता येत नाही. मळे मोडले, आणि जी काही स्कपरनाँग उरली ती परसातल्या मांडवावर, जेली-मुरंब्यापुरती. १९३३ मध्ये देशाने दारूबंदी उठवली तेव्हाही इथल्या मतदारांनी विरोधातच कौल दिला. आजही इथे कडक दारू फक्त सरकारी एबीसी दुकानात मिळते. रविवारी सकाळी बाराऐवजी दहापासून विक्रीची मुभा मिळाली ती २०१७ मध्ये, आणि तीही स्थानिक पालिकांनी मंजूर केलं असेल तिथेच.

हे वाचून हसू नका. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून अजून जिवंत आहे, आणि प्यायला कागदोपत्री परवाना लागतो. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तर एवढा गदारोळ झाला की तो निर्णय अमलात आलाच नाही. म्हणजे १९०८ चं कॅरोलिना आपल्याला फार अनोळखी नसावं.

मधल्या काळात यॅडकिनच्या रानात काय होतं? तंबाखू. आम्ही गेलो त्या एका लहान मळ्यात वाईन चाखायच्या खोलीच्या मागे ओंडक्यांची एक उंच, अरुंद, बिनखिडकीची खोपटवजा इमारत होती. सौ. म्हणाली, "धान्याचं कोठार असेल." मालक म्हणाले, तंबाखूची भट्टी. पानं काठ्यांना बांधून वरपासून खालपर्यंत टांगायची आणि खालून पत्र्याच्या नळ्यांतून गरम हवा खेळवायची. आठवडाभर रात्री जागून आच सांभाळायची, म्हणजे पान सोनेरी पिवळं होतं. या पिवळ्या तंबाखूचं श्रेय १८३९ मध्ये कॅसवेल काउंटीतल्या स्टीफन नावाच्या गुलामाला देतात. रात्री पहाऱ्यावर त्याला डुलकी लागली, आग विझत आली, घाबरून त्याने कोळसा टाकला आणि एकदम वाढलेल्या आचेने पानं पिवळी झाली. मालक अबिशा स्लेड त्यावर नावारूपाला आला. पुढे डरहॅम आणि विन्स्टन ही शहरं याच पानावर उभी राहिली. आपल्यातले काही जण डरहॅमच्या ज्या अमेरिकन टोबॅको कॅम्पसमध्ये बसून कोड लिहितात, तो सिगारेटचा कारखानाच होता. १९८७ मध्ये तो बंद पडला आणि २००४ मध्ये तिथे ऑफिसं आली.

तंबाखू शेतकऱ्याला परवडायची ती सरकारी कोट्यामुळे. १९३८ च्या कायद्याने कुणी किती तंबाखू लावायची हे ठरवून दिलं, त्यामुळे भाव टिकायचा. कोटा जमिनीला चिकटलेला, तो भाड्यानेही देता येई. कित्येक म्हाताऱ्या विधवा नुसत्या कोट्याच्या भाड्यावर जगल्या. आपल्याकडे साखर कारखान्याच्या शेअरला जी किंमत असते, तसलाच प्रकार. मग १९९८ मध्ये सिगारेट कंपन्यांचा राज्यांशी मोठा समझोता झाला, परदेशातून स्वस्त तंबाखू येऊ लागली, आणि १९९७ नंतरच्या तीन-चार वर्षांत कोटा जवळपास निम्म्यावर आला. २००४ मध्ये काँग्रेसने कोटा पद्धतच गुंडाळली. पण गुंडाळताना पैसे दिले: कोट्याच्या मालकाला पौंडामागे ७ डॉलर, पिकवणाऱ्याला ३ डॉलर, दहा वर्षांच्या हप्त्यांत. एकूण सुमारे हजार कोटी डॉलर, आणि तेही सिगारेट कंपन्यांकडून वसूल करून.

याच सुमारास द्राक्षं परत आली. १९९९ मध्ये बांधकाम व्यवसायातल्या चार्ली आणि एड शेल्टन या भावांनी डॉबसनला एका जुन्या डेअरीच्या जागेवर मळा लावला. त्यांच्या पाठिंब्याने सरी कम्युनिटी कॉलेजात द्राक्षशेती आणि वाईनचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि २००३ मध्ये यॅडकिन व्हॅलीला राज्यातला पहिला अधिकृत वाईन प्रदेश म्हणून मान्यता मिळाली. २००० च्या आसपास राज्यात वीसेक वायनऱ्या होत्या, आज दीडशेच्या वर आहेत. माहितीपत्रकांत हे 'तंबाखूकडून द्राक्षांकडे' असं छान छापलेलं असतं. त्यात थोडी फेकाफेक आहे असं माझं मत. द्राक्षाला पहिली तीन वर्षं नुसता खर्च. तो पेलणारे बरेचसे बाहेरचे पैसेवाले होते, कुणी बिल्डर तर कुणी मोटार रेसिंगमधला. बहुतेक तंबाखूवाले सोयाबीनकडे, रताळ्याकडे वळले, नाहीतर शेती सोडून गेले. आमचे हे मालक अपवाद. कोट्याचे हप्ते त्यांनी तारा आणि खांबांत घातले.

रताळ्यावरून आठवलं. सौ. शाकाहारी, त्यामुळे लेक्सिंग्टनच्या सुप्रसिद्ध बार्बेक्यूचा मान मला एकट्यालाच राखावा लागला. डुकराच्या खांद्याचं मांस हिकरीच्या निखाऱ्यावर तासन् तास शिजवून बारीक चिरलेलं, वर व्हिनेगर-केचपचं पातळ आंबटतिखट पाणी आणि लाल कोबी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कोर्टाच्या तारखांना खेड्यांतून माणसं यायची, त्यांच्यासाठी कचेरीसमोर तंबू लागायचे, तिथून ही हॉटेलं निघाली. राज्याच्या पूर्वेकडचे लोक अख्खं डुक्कर भाजतात आणि टोमॅटो घालणं पाप समजतात. कोल्हापूर-सोलापूर रश्श्याच्या वादासारखंच. सौ.ला सरी काउंटीचा 'साँकर' मिळाला: खोल भांड्यात फळांचा किंवा रताळ्याचा गोड पाक, वर पिठाचं कवच, त्यावर दुधाचं पातळ सॉस. उरलेली फळं आणि स्वस्त गूळपाणी वापरून निघालेला गरिबीतला पदार्थ. तिने रताळ्याचा घेतला आणि एकादशीला चालेल का यावर आमची गाडीत चर्चा झाली.

आता नाशिक. माझे काका दिंडोरी तालुक्यात द्राक्षं लावतात. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, अबकारी करात सूट दिली, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून परतले होते आणि २००० मध्ये सुलाची पहिली वाईन बाजारात आली होती. गावागावात शिराझ आणि सोव्हिन्यों ब्लांच्या कलमांची भाषा सुरू झाली. काकांनीही एका वायनरीशी करार करून तीन एकर लावली. मग २००८ ची मंदी आली, २६/११ नंतर हॉटेलं ओस पडली, टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि अनेक वायनऱ्यांनी माल घेणं थांबवलं. काकांचा करार कागदावरच राहिला.

इथे एक गोष्ट समजून घ्या. वाईनचं द्राक्ष लहान, बियांचं, जाड सालीचं असतं. ते ना बाजारात खायला विकलं जातं, ना त्याचे धड बेदाणे होतात. एकच गिऱ्हाईक, आणि त्याने पाठ फिरवली की संपलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत गेलो तर जेसीबी बागेत फिरत होता.

हॉटेलवरून त्या रात्री काकांना फोन लावला, तिकडे सकाळ होती. भट्टीची, कोट्याची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे पीक सोडायचे पैसे दिले त्यांना?" मी म्हटलं, "हो काका, दहा वर्षं." "आम्हाला बाग उपटायला जेसीबीचं भाडं खिशातून द्यावं लागलं रे." आणि लगेच विचारलं, "तिकडं खुंट कोणता वापरतात?"

अस्सल बागायतदाराचा प्रश्न. खुंट म्हणजे कलमाखालचं मूळ. फ्रान्सच्या बागा १८६० नंतर फायलोक्सेरा किडीने खाल्ल्या, तेव्हा त्या वाचल्या अमेरिकन जंगली वेलींच्या मुळांवर, कारण त्या मुळांना ही कीड पचते. टेक्सासच्या टी. व्ही. मन्सनने त्या कामात एवढी मदत केली की फ्रेंच सरकारने १८८८ मध्ये त्याचा सन्मान केला. त्याच टेक्सासच्या बेल काउंटीतला 'डॉगरिज' हा खुंट गेली कित्येक वर्षं नाशिक-सांगलीच्या खारपड, कमी पाण्याच्या जमिनींत थॉम्पसनला उभा करतोय. निफाडचा कुठलाही शेतकरी हे नाव घरच्या बैलासारखं घेतो. स्कपरनाँगची ही टेक्सासमधली चुलत भावंडंच म्हणायची. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "डॉगरिज तिकडचा होय? मला वाटायचं पुण्याच्या संशोधन केंद्राने काढलाय."

काकांच्या त्या तीन एकरांत आता पुन्हा खायची द्राक्षं आहेत, डॉगरिजवरच. वाईनचं नाव घरात निघत नाही.

कुणाला यॅडकिनला जायचं असेल तर सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात गाठा. नाशिकला काढणी जानेवारी ते मार्चमध्ये असते, इथे ती या दिवसांत चालते आणि लहान मळ्यांत मालक स्वतः भेटतात. गाडी कोण चालवणार ते आधी ठरवा. आमच्याकडे सौ.ने चालवली. आणि मळ्यामागे ओंडक्यांचं उंच खोपट दिसलं तर आत डोकावा, आडव्या वाशांना अजून तंबाखूचा वास आहे.