जिहादची हाक आणि ती ऐकणारे

'जिहाद' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ पराकाष्ठेचा प्रयत्न. 'धर्मयुद्ध' हा मराठीत रूढ झालेला प्रतिशब्द त्याची एकच बाजू दाखवतो. इस्लामी धर्मशास्त्रात सशस्त्र जिहादचे नियम काटेकोर आहेत. सामान्यतः हे कर्तव्य सामूहिक, म्हणजे 'फर्ज-ए-किफाया' मानले जाते; पुरेशा लोकांनी ते पार पाडले, की इतरांवर त्याचे बंधन राहत नाही. परकीय आक्रमण झाल्यास मात्र ते तेथील प्रत्येकाचे वैयक्तिक कर्तव्य, म्हणजे 'फर्ज-ए-ऐन' ठरते.

आधुनिक जहाल गटांनी याच अपवादाचा नियम केला. डिसेंबर १९७९मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यानंतर पॅलेस्टिनी धर्मपंडित अब्दुल्ला आझम यांनी हे कर्तव्य जगभरातील मुस्लिमांवर येऊन पडते, असा निर्वाळा दिला. त्यासाठी आई-वडिलांच्या परवानगीची गरज नाही, असेही त्यांनी बजावले. हा तपशील किरकोळ वाटेल; पण तरुणाला घराबाहेर काढण्याची किल्ली त्यातच होती. १९८४मध्ये आझम यांनी पेशावरला उघडलेल्या सेवा कार्यालयाला ओसामा बिन लादेनने पैसा पुरवला. १९८९मध्ये आझम तेथेच बॉम्बस्फोटात मारले गेले. पुढे १९९८मध्ये लादेनने अमेरिकी नागरिकांना ठार मारणे हेही 'वैयक्तिक कर्तव्य' ठरवले. नि:शस्त्रांना मारू नये, हा जुना दंडक त्याने सोयीस्करपणे बाजूला सारला.

अशा हाकेला ओ कोण देतो? दारिद्र्य आणि अज्ञान हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्याचा म्होरक्या महंमद अटा हा कैरोतील वकिलाचा मुलगा; जर्मनीत हॅम्बुर्गला नगररचना शिकलेला. मानसोपचारतज्ज्ञ मार्क सेजमन यांनी २००४मध्ये अशा १७२ जणांच्या जीवनकथा तपासल्या. त्यांतील बहुतेक मध्यम वा उच्च वर्गातील होते आणि सुमारे दोन-तृतीयांश लोक या चळवळीत ओढले गेले ते आधीच्या मैत्रीतून. परदेशातील एकटेपणात आधी मित्रांचे कोंडाळे जमले आणि जहाल विचार त्यात मुरत गेला.

हे निष्कर्ष सरसकट लावता येत नाहीत. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात जिवंत पकडला गेलेला आणि २०१२मध्ये येरवड्यात फाशी दिलेला अजमल कसाब गरीब घरातला, जेमतेम चौथी शिकलेला होता. मात्र वडिलांशी भांडून घर सोडलेला हा मजूर 'लष्कर-ए-तैयबा'च्या दारात गेला, तेव्हा त्याच्याही सोबत एक मित्र होता.