शर्यतीचा बैल आणि शेतातला बैल

अमेरिकेत रोडिओच्या खेळात उधळलेल्या बैलाच्या पाठीवर 8 सेकंद टिकून राहणं हा पोटापाण्याचा धंदा आहे. ब्राझीलमध्ये शेतावर वाढलेल्या आद्रियानो मोरायसने 1994, 2001 आणि 2006 असं तीनदा त्यातलं जगज्जेतेपद पटकावलं. तिथे 100 पैकी निम्मे गुण बैलाच्या उसळीला, निम्मे स्वाराला. मिरवतो मात्र माणूस. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीत उलटं. सांगली-साताऱ्याच्या छकड्यावर हाकणारा असतो, विदर्भातल्या शंकरपटात धुरकरी असतो. जुन्नर-खेडच्या घाटात तर गाड्यावर कुणी बसतच नाही, पुढे घोडी पळते आणि तिच्यामागे बैल. नाव गाजतं बैलाचं, फार तर मालकाचं. म्हणूनच शर्यतीची बाजूही बैलाच्याच नावाने मांडली जाते : शर्यत टिकली तर देशी गोवंश टिकेल. नाशिक जिल्ह्यातल्या कळवणातून पाहिलं की हे म्हणणं लंगडं वाटू लागतं.

कळवणच्या पश्चिमेला सुरगाण्याचे डोंगर, त्यापलीकडे गुजरातचा डांग. या डोंगरपट्ट्यावरूनच डांगी जातीला नाव पडलं. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, काळे टणक खूर, आणि कातडीवर असा तेलकटपणा की धो धो पावसात भात लावताना जनावर गारठत नाही. चिखलात ओढायला डांगी पक्का, पण चालीने संथ. शर्यतीच्या मैदानात पाहावा तो खिल्लार, माणदेशच्या कोरड्या माळावर घडलेला, लांब पायांचा, चपळ. त्याच्या एका चांगल्या खोंडाला लाखांनी पैसे मोजले जातात. डांगीला तो भाव शर्यत कधीच देणार नाही, कारण डांगीचा गुण सेकंदांत मोजता येत नाही. म्हणजे शर्यत जनावर वाचवते हे खरं, पण स्वतःला हवं तेवढंच वाचवते. रोडिओतही वेगळं घडलं नाही. गुरं दोरीने पकडणं हे कुरणावरचं रोजचं काम होतं; बैलावर स्वार होण्याची गरज कुठल्याच गुराख्याला पडली नव्हती. पुढे त्या खेळासाठी उसळणाऱ्या बैलांची मुद्दाम वेगळी पैदास केली गेली. तिथे निदान त्याला शेती म्हणत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, डांगी शर्यतीमुळे कमी झाला का? नाही. बैल हटवला तो ट्रॅक्टरने. 2019 च्या पशुगणनेत देशी गोवंश 2012 च्या तुलनेत 6 टक्क्यांनी घटला, आणि त्याचं खापर शर्यतीवर फोडणं अन्यायाचं होईल. पण याच न्यायाने बंदीवरही ते फोडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी शर्यती थांबवल्या तेव्हा बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, हा मुद्दा निकालात होता. राज्याने 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, 16 डिसेंबर 2021 ला तात्पुरती परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. घटनापीठापुढे मुख्य प्रश्न होता तो क्रौर्याचा आणि परंपरेचा. दुरुस्त कायद्याने जनावराचे हाल कमी होतात, असं न्यायालयाने मानलं. परंपरा आहे की नाही हे ठरवणं विधिमंडळावर सोपवलं. डांगीची पैदास कशी वाढेल, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता, आणि तो तिथे सुटणारही नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : शर्यत नसती तर पोरांनी बैलाकडे वळूनही पाहिलं नसतं. हे मान्य करायला हवं. गोठ्यात पहाटे उठून दूध, अंडी, उडदाचं पीठ चारणारा विशीतला पोरगा केवळ बक्षिसासाठी राबत नाही. त्याला जनावराचा लळा असतो, आणि तो जपण्यासारखा आहे. शर्यतीची बाजू इथेच, खेळ आणि हौस म्हणून मांडली तर ती भक्कम आहे. गोवंशरक्षणाची झूल तिच्या पाठीवर टाकली की ती अडखळते. कारण शेतातल्या बैलाची ओळख वेगळीच आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद-तूप लागतं ते त्याच्या खांद्याला, जिथे वर्षभर जू घासून केस गेलेले असतात आणि कातडी जाड, राठ झालेली असते. मैदानात काही सेकंदच जू पेलणाऱ्या बैलाचा खांदा चोळायला घेतला, तर हाताला मऊ केसच लागतात.