नब्ज, अकबर महोमेद आणि बी.पी.ची गोळी

केनवडला आमच्या अब्बांचं बी.पी. तपासून झालं की ते हमखास विचारतात, "मला काहीच होत नाही, मग गोळी कशाला?" हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आणि त्याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे.

युनानी वैद्यकात नाडीला ‘नब्ज’ म्हणतात. इब्ने सिना (९८०–१०३७) यांनी ‘अल-कानून’मध्ये नब्ज पाहण्याच्या दहा बाबी सांगितल्या. त्यातली एक म्हणजे रक्तवाहिनी बोटाला कठीण लागते की मऊ. पण बोटाला कळलेलं हकिमापाशीच राहतं. ते दुसऱ्याला दाखवता येत नाही. १८६०च्या सुमारास फ्रान्सच्या मारे यांनी मनगटावर लावायचं यंत्र बनवलं आणि नाडीची लहर कागदावर उमटू लागली.

हे यंत्र सुधारलं लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या एका तरुणानं. त्याचं नाव फ्रेडरिक अकबर महोमेद. जन्म १८४९, ब्रायटनचा. आजोबा दीन महोमेद पाटण्याचे. आपल्या चंपीचं ‘शाम्पू’ करून त्यांनीच ती इंग्लंडात लोकप्रिय केली. दीन महोमेद पुढे ख्रिस्ती झाले होते. तेव्हा ‘आपला माणूस’ म्हणून मिरवायला हे सांगत नाही; त्यांच्या नातवाचं काम मोठं आहे म्हणून सांगतो.

तेव्हा समज असा होता की आधी मूत्रपिंड बिघडतं, मग रक्ताचा दाब वाढतो. अकबर यांनी नाडीच्या रेघांवरून दाखवलं की मूत्रपिंड ठीक असलेल्या, धडधाकट दिसणाऱ्या माणसातही दाब वाढलेला असू शकतो. इजा नंतर होते. १८८४ मध्ये टायफॉइडनं ते गेले, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. मनगटावर नव्हे, दंडावर बांधायचा बी.पी.चा पट्टा १८९६ मध्ये आला, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी.

आज रक्तवाहिनीचा ताठपणा आकड्यात मोजता येतो. ताठ नळीतून लहर वेगानं धावते, हे त्यामागचं साधं तत्त्व. मानेजवळ आणि जांघेत नाडी टिपतात, मधलं अंतर लागलेल्या वेळेनं भागतात. अर्धा मीटर अंतर सेकंदाच्या विसाव्या भागात कापलं, तर वेग सेकंदाला १० मीटर. बी.पी.च्या रुग्णात वेग याहून जास्त असेल, तर रक्तवाहिन्यांना इजा झाल्याची ती खूण मानतात. वाढलेला दाब वाहिनीला ताठ करतो आणि ताठ वाहिनी दाब आणखी वाढवते. त्याचा भार हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडावर पडतो, आणि बरीच वर्षं काहीच दुखत नाही.

ही तपासणी सगळीकडे होत नाही. दंडावरचा पट्टा मात्र जवळच मिळतो. अब्बांना मी आता एवढंच सांगतो, "काही होत नाही म्हणूनच गोळी घ्यायची. बंद करायची की नाही, ते डॉक्टरांना विचारू."